गुरुवारी पेटलेली भट्टी

शहाळं समोर आलं की मी सावध होते. साधा चहा आला तर आकडे बहुतेक खरे असतात, कॉफी आली तर थोडी रंगसफेदी झालेली असते. पण गेटवर फुलांचा गुच्छ, स्वागताला नाव छापलेला फ्लेक्स, कपाळाला गंध आणि वर प्लास्टिकच्या नळीसकट शहाळं आलं की समजावं, इथे काहीतरी गाडून ठेवलंय आणि वरून माती सारवलीय. एवढा मान तर माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांनीही दिला नव्हता.

संपादकांनी मला 'पर्यावरणरक्षणाचा प्रेरणादायी प्रवास' लिहायला सांगितलं आहे. प्रेरणा डोंबलाची! मी कुठलं पर्यावरण वाचवलेलं नाही. मी कारखान्यांचे कागद तपासले. भोसरीच्या एका फोर्जिंग कंपनीत, म्हणजे लोखंड भट्टीत तापवून घडवतात तिथे, मेंटेनन्समध्ये वीसेक वर्षं काढली, डिप्लोमा मेकॅनिकल, अख्ख्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, एकटी बाई. ती कंपनी बंद पडली आणि एका तपासणी संस्थेत लागले. तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत पिंपरीपासून चाकणपर्यंतचे कारखाने पालथे घातले.

काम काय, ते सांगते. माझ्या जावेला आजही वाटतं की मी नळी घेऊन धुराड्यावर चढायचे. तसं काही नसतं. तुमच्या घरचं उदाहरण घ्या. तुम्ही शेगडीवर गॅस जाळता, तो एक धूर. तुम्ही बटण दाबता आणि दूर कुठेतरी विजेसाठी कोळसा जळतो, तो दुसरा. आणि तुम्ही डबा लावलेला असेल तर त्या डबेवालीच्या घरी तुमच्यासाठी जो गॅस जळतो, तो तिसरा. कारखान्याचंही तेच. स्वतः काय जाळलं, वीज किती घेतली आणि याच्यापायी दुसऱ्यांनी काय जाळलं, याची बेरीज करायची. ती बेरीज खरी आहे का, हे बघायला माझ्यासारखी बाई बोलवायची. आता परदेशातल्या गाडी कंपन्या म्हणतात, बेरीज दाखवा, ती दरवर्षी कमी करा, नाहीतर तुमचे सुटे भाग नकोत. झालं! कालपर्यंत ज्यांना नाल्यात तेल सोडताना लाज वाटत नव्हती, ते एका रात्रीत वसुंधरेची लेकरं झाले.

धूर कमी करणं अवघड असतं, बेरीज कमी करणं सोपं. आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

झाडांचंच घ्या. झाडं धूर शोषतात, म्हणून लावलेली झाडं बेरजेतून वजा करता येतात. एका कंपनीने डोंगरउतारावर हजार झाडं लावल्याचं लिहिलं होतं. मी म्हटलं, दाखवा. नेलं बापड्यांनी. उतारावर खड्डे होते आणि खड्ड्यांत काटक्या. सोबत आलेला अधिकारी म्हणतो, "मॅडम, उन्हाळ्यात झाडं अशीच दिसतात." अरे बाबा, माझं माहेर दिघीचं, बापजाद्यांनी तिथे शेती केली. झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड यातला फरक मला कोण शिकवणार? परत येऊन त्यांचे फोटो मागवले. तीन वर्षांच्या तीन फोटोंत पाहुणे वेगळे, फेटे वेगळे, खड्डा मात्र एकच, मागच्या खडकावरून ओळखला मी. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवा साहेब नवं रोप लावायचा, टाळ्या वाजायच्या आणि रोप मरायला मोकळं.

त्यापेक्षा एक लहान कारखानदार मला आवडला. जुन्या गावकरी घराण्यातला, जमीन गेली, शेड उभी केली, असा माणूस. मी विचारलं, धुराचा हिशेब कुठाय? तर म्हणाला, "ओ ताई, धूर वर जातोय, वाऱ्यानं पार तळेगावला जातोय. आमच्या हद्दीत ऱ्हातोय व्हय तो? मंग आमी त्याचा हिशेब कशाला ठिवायचा?" मी हसून हसून बेजार झाले. पण त्याने डिझेलच्या सगळ्या पावत्या खोक्यातून काढून दिल्या, एक इकडची तिकडे नाही. अडाणीपणा परवडतो, हा शहाणपणा परवडत नाही.

शहाणपणाची गोष्ट आता सांगते. तीच सांगायला बसले आहे.

चाकणजवळची एक कंपनी. नाव घेत नाही. गाड्यांची दातेरी चक्रं बनवायची. ती चक्रं कडक करायला भट्टीत तापवावी लागतात. एक भट्टी नवी, गॅसवर चालणारी. दुसरी जुनी, फर्नेस ऑइलवर, म्हणजे ते डांबरासारखं काळं जाड तेल असतं ना, त्यावर. तिचा धूर काळाकुट्ट. कंपनीने जाहीर करून टाकलं होतं की जुनी भट्टी आम्ही जवळजवळ बंद केली, तेल अर्ध्याहून खाली आणलं. या अर्ध्यावर त्यांचं परदेशी गिऱ्हाईक खूश होतं आणि माझा शिक्का मिळाला की पुढची मोठी ऑर्डर पक्की होती.

तर शहाळं प्यायले आणि कामाला लागले. समोर दोन माणसं. एक कारखान्याचे प्रमुख देशमाने साहेब, पन्नाशीचे, सगळ्या वाक्यांची सुरुवात "मॅडम, तुम्ही तर आमच्यातल्याच" अशी करणारे. दुसरा सौरभ. तो कंपनीच्या 'सस्टेनेबिलिटी सेल'चा, म्हणजे पर्यावरण विभागाचा, मॅनेजर. हा सेल कारखान्यात नव्हता हं. तो होता हिंजवडीत, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. सौरभ राहायला मारुंजीला, नोकरी हिंजवडीला, आणि भट्टीजवळ तो आजवर कधी गेला असेल असं त्याच्या बुटांवरून वाटत नव्हतं. पोरगा हुशार, पडद्यावर तक्ते फिरवायचा असे की बघत राहावं. दर तक्त्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान हलत होतं.

मी म्हटलं, "पान राहू दे. भट्टीची रोजची नोंदवही द्या."

जुन्या भट्टीला रोजची नोंदवही असते. भट्टी किती वाजता पेटवली, किती वाजता विझवली आणि तेलाच्या टाकीत पट्टी बुडवून सकाळी किती तेल होतं, संध्याकाळी किती उरलं, हे पाळीच्या माणसाने लिहायचं. वही आली. मी उघडली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. वही इतकी स्वच्छ होती की देवघरात ठेवावी. वर्षभर एकच पेन, एकच अक्षर, कुठे तेलाचा डाग नाही, कुठे खाडाखोड नाही. मी भट्ट्यांवर वीस वर्षं काढलीत हो. भट्टीवरची वही भजी बांधलेल्या कागदासारखी दिसते.

पण स्वच्छता हा काही गुन्हा नाही, ते अहवालात लिहिता येत नाही. मी पानं उलटत बसले. बाजूला कॅलेंडर ठेवलं, माझी जुनी सवय. सात तारीख शून्य. चौदा तारीख शून्य. एकवीस, अठ्ठावीस, शून्य, शून्य. सगळे रविवार. आणि मधल्या सगळ्या दिवशी भट्टी थोडी थोडी चाललेली, गुरुवारीसुद्धा.

मी सौरभला विचारलं, "सुट्टी कधी असते रे इथे?"

"मॅम, संडे. म्हणजे आमच्याकडे फाइव्ह डे वीक आहे, सॅटरडे पण ऑफ."

"तुझी नाही विचारत. कारखान्याची."

तो देशमाने साहेबांकडे बघायला लागला. आणि देशमाने साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग जो उतरला, तो बघायला मिळाला म्हणून माझी सगळी नोकरी सार्थकी लागली, असं मला त्या क्षणी वाटलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीजवाल्यांनी फार पूर्वी हा दिवस वाटून दिला तो दिला. इथल्या कामगाराची लग्नं, बारशी, साखरपुडे गुरुवारी. पोरांना शाळा रविवारी बंद, बापाला कंपनी गुरुवारी बंद, म्हणून घरात एकमेकांची तोंडं दिसायची मारामार. त्यात गुरुवार दत्ताचा, म्हणजे सुट्टी असून मटण नाही. भोसरीतला शेंबडा पोरगाही तुम्हाला हे सांगेल. पण सातव्या मजल्यावर बसून ज्यांनी ही वही वर्षभराची एका आठवड्यात लिहून काढली, त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी आपल्या घरच्यासारखा रविवार बंद ठेवला आणि गुरुवारी, सगळ्या कारखान्यात चिटपाखरू नसताना, भट्टी खुशाल पेटवली! आणि देशमाने साहेबांनी त्यावर महिनाअखेरच्या सह्या न वाचता ठोकल्या. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, इथे तर उंटालाही शेळ्यांचा पत्ता नव्हता.

देशमाने साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आमच्यातल्याच. क्लेरिकल मिस्टेक आहे."

"बावन्न वेळा?"

"मॅडम, वरून प्रेशर असतं. तुम्ही समजून घ्या ना."

मी म्हटलं, "समजलंय मला. या रोजच्या सह्या कुणाच्या आहेत?"

दर पानाखाली इंग्रजीत वळणदार सही होती, बी. कदम. विचारल्यावर कळलं, बालाजी कदम, भट्टीवरचा सुपरवायझर. मी उठले आणि कुणी अडवायच्या आधी शॉपमध्ये गेले. मागून सौरभ "मॅम, सेफ्टी शूज, मॅम" करत येत होता. त्याला दारातच थांबवलं.

बालाजी कदम लातूरकडचा. पंचेचाळिशीचा, हडकुळा, भुवया भट्टीने जळून विरळ झालेल्या. गळ्यात पिवळ्या पट्टीचं ओळखपत्र, म्हणजे ठेकेदाराचा माणूस. कायम कामगारांची पट्टी निळी. त्याच्या मागे जुनी भट्टी, कागदावर जवळजवळ बंद असलेली, धडधडून पेटली होती. मी सहीचं पान त्याच्यापुढे धरलं.

त्याने पान उजेडाकडे वळवून बघितलं. "ही माझी सही न्हाई म्याडम. म्या मराठीत करतो. मला इंग्रजीत कुटं येतंय?"

"मग तुम्ही नोंद ठेवत नाही?"

"ठिवतो की! रोज लिवायलोय." आणि त्याने हातमोज्यांच्या पेटीतून एक लांबडी वही काढली. तेलाने चिकट, पानांचे कोपरे दुमडलेले, कव्हरवर हळदीकुंकवाचा डाग, खंडेनवमीला भट्टीबरोबर तिचीही पूजा झालेली. दर गुरुवारी एकच शब्द, सुट्टी. बाकी दिवशी पट्टीचे आकडे, दोन्ही पाळ्यांचे. "कंपनीचं रजिस्टर गेल्या साली नेलं त्यायनी, परत दिलंच न्हाई. मग म्या हे आणलं. तेल कमी भरलं की मागच्या पाळीचे माझ्यावर ढकलतेत, म्हणून लिवून ठिवायचं."

मी तिथेच, भट्टीच्या झळा सोसत, उभ्या उभ्या वही वाचली. तेल अर्ध्यावर आलं नव्हतं. उलट वाढलं होतं, कारण नवी गॅसची भट्टी सारखी बंद पडायची. मला आनंद झाला होता. होय, आनंद. इतकी सरळ, इतकी खरी नोंद मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मी मोबाइलवर पान न् पान टिपून घेतलं.

बालाजी माझ्याकडे बघून हसत होता. त्याची वही कुणीतरी इतक्या मनापासून वाचतंय, याचं त्याला अप्रूप वाटलं असावं. मग हसू मावळलं. जवळ येऊन म्हणाला, "म्याडम, माझं नाव नका घालू कुटं. अठरा साल झालेत मला इथं. या दिवाळीला परमनंट करतो म्हणालेत साहेब. तेवढं होऊ द्या."

मी म्हटलं, "नाही घालत. काळजी करू नका कदम."

हे मी म्हटलं होतं. स्पष्ट आठवतं.

अहवाल लिहिला. आक्षेप ठोकून मांडला, रविवार, गुरुवार, खोट्या सह्या, सगळं. खऱ्या वहीबद्दल लिहिलं, 'भट्टी विभागात उपलब्ध झालेली मूळ नोंदवही.' आमच्या संस्थेत अहवाल पुढे जाण्याआधी एक वरिष्ठ तपासतात. त्यांनी तो परत पाठवला. म्हणाले, वही कुणाची, कुणी लिहिली, कुणी दिली, हे नाही, असा पुरावा टिकणार नाही. कंपनी म्हणेल कुठून तरी उचललेली वही आहे, आणि आक्षेप पडेल.

मी एक दिवस थांबले. फक्त एक. दुसऱ्या मार्गाने जाता आलं असतं. तेलवाल्याच्या पावत्या मागवता आल्या असत्या, टँकरच्या गेटनोंदी काढता आल्या असत्या, आठ-पंधरा दिवस लागले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर देशमान्यांचा उतरलेला चेहरा होता आणि कोपऱ्यात हलणारं ते पान होतं. मला ती माणसं तोंडावर पडलेली बघायची होती, लगेच. मी लिहिलं, 'नोंदवही: श्री. बालाजी कदम, कंत्राटी पर्यवेक्षक, यांनी ठेवलेली व तपासणीवेळी सादर केलेली. कंपनीच्या नोंदवहीवरील सही त्यांची नाही.' शिक्का नाकारला. कार्यालयात सगळ्यांनी पाठ थोपटली. गुरुवारचा किस्सा मी चहाच्या वेळी चार वेळा सांगितला, दर वेळी थोडा मीठमसाला लावून.

पंधरवड्यात बालाजीचा फोन आला. गेटवर कार्ड लागलं नाही म्हणाला. ठेकेदाराने हातात कागद दिला होता, खोट्या नोंदी करून कंपनीची बदनामी केल्याबद्दल काम बंद. खोटी वही ज्याच्या नावाने लिहिली, त्याच्याच गळ्यात बांधली! सही त्याची नाही, असं मी स्वच्छ लिहिलं होतं. पण वाचतं कोण? त्यांना नाव हवं होतं, ते मी पुरवलं.

मी देशमान्यांना फोन केला. ते अतिशय गोड बोलले. "मॅडम, तो आमचा एम्प्लॉयीच नाही. ठेकेदाराचा माणूस. आमचा काय संबंध?" आमच्या वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, आपलं काम तपासण्याचं, कामगारांची भांडणं मिटवण्याचं नाही. मी लेखी तक्रार करू शकत होते. नोकरीची चारच वर्षं राहिली होती. मी केली नाही.

आणि कंपनी? कंपनीने दुसरी तपासणी संस्था बोलावली. दीड-दोन महिन्यांत शिक्का मिळाला. त्या नव्या संस्थेतली एक ओळखीची मुलगी मला नंतर भेटली, कौतुकाने सांगत होती, "किती व्यवस्थित रेकॉर्ड आहे हो त्यांचं! थोडे डागसुद्धा आहेत, अगदी शॉपफ्लोअरचं वाटतं. गुरुवार सगळे बंद." माझ्या अहवालातून ते एवढंच शिकले. माझं कौशल्य, माझी वीस वर्षांची नजर, सगळी त्यांना फुकटात शिकवणी झाली. पुढे त्यांना हरित पुरस्कार मिळाला, त्याचा फ्लेक्स तळेगाव चौकात महिनाभर लटकत होता. सौरभ त्यात शेवटच्या ओळीत हसत उभा. त्याच्यावर तरी काय रागवायचं, त्याला सांगितलं ते त्याने केलं. राग मला फ्लेक्समधल्या कुणाचाच राहिला नाही, इतके ते मला किरकोळ वाटायला लागले.

निवृत्त झाल्यावर मी बालाजीचं घर शोधत गेले. आधी जायला हवं होतं, तोंड नव्हतं. खराबवाडीच्या मागे पत्र्याची खोली. तो आता एका गोदामात खोकी चढवायला जात होता, रोजंदारीवर. कंबरेला पट्टा बांधलेला. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. बायकोने चहा ठेवला. मी तयारी करून गेले होते, तो शिव्या देईल, ती तरी नक्की देईल, आणि मी ऐकून घेईन. कुणीच दिल्या नाहीत. मी त्याच्या मुलीचं विचारलं, गावाकडच्या पावसाचं विचारलं.

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"ती जुनी भट्टी बंद केली का मग त्यायनी?"

"नाही. चालू आहे."

"धूर तरी कमी झाला?"

मी त्या रस्त्याने येतानाच बघितलं होतं. म्हटलं, "नाही हो कदम. होता तेवढाच आहे."

त्याने मान हलवली. कप खाली ठेवला. आवाज जराही चढवला नाही.

"मग माझं नाव कशाला लिवलंत?"

उत्तर मला माहीत होतं. मला जिंकायचं होतं. पण त्याची बायको चुलीपाशी थांबून माझ्याकडे बघत होती, आणि ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.